डावं पॅडल, उजवं पॅडल आणि मधला घाट

मागच्या अंकात ऑटोमॅटिक गाडी घ्यावी का यावर दोन पानं लिहिली, आणि वाटलं होतं की पत्रं येतील ती किंमत, मायलेज, कुठली कंपनी चांगली यावर. आली ती भलत्याच गोष्टीवर. स्टिअरिंगच्या मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा त्या ज्या दोन पट्ट्या असतात ना, पॅडल शिफ्टर, त्यांचं करायचं काय हा प्रश्न निम्म्या नाशिकला पडलेला दिसतोय. शोरूमवाला डिलिव्हरीच्या दिवशी पेढे देतो, फोटो काढतो, गाडीवर नारळ फोडायला लावतो, पण पॅडलबद्दल विचारलं की म्हणतो "सर ते स्पोर्टी ड्रायव्हिंगसाठी आहे" आणि विषय संपला. तर यावेळी सगळी उत्तरं त्याच विषयाची. आधीच सांगून टाकतो, मी काही इंजिनिअर नाही, अंबडला एका कारखान्यात बावीस वर्षं गिअर कापण्यात गेली आणि गाडी चालवतोय त्याला तीस वर्षं होतील.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी सहा गिअरची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली. पॅडलला आजवर हात लावलेला नाही. जावई म्हणतात ते रेसिंगसाठी असतं, चुकून दाबलं तर गिअरबॉक्सची वाट लागेल. खरं आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : जावईबापूंचं अर्धं खरं आहे, म्हणजे रेसिंगचा भाग. 1989 साली फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत पहिल्यांदा असं पॅडल लावून सीझन सुरू केला आणि पहिलीच शर्यत, ब्राझीलची, नायजेल मॅन्सेलने जिंकूनही दाखवली. मग 1997 ला फेरारीच्याच रस्त्यावरच्या गाडीत ते आलं आणि तिथून पुढे झिरपत झिरपत आज आपल्या दहा-पंधरा लाखाच्या गाडीपर्यंत पोचलं. रेसवाल्याला ते कशाला हवं होतं, तर स्टिअरिंगवरचा हात न काढता गिअर बदलता यावा म्हणून. आपल्याला पण त्याचसाठी हवंय, फक्त आपली शर्यत नसते, आपल्याला सप्तशृंगीच्या गडावरून सुखरूप खाली यायचं असतं.

वाट वगैरे काही लागत नाही. उजव्या पट्टीवर प्लस असतं, ओढली की वरचा गिअर. डाव्या पट्टीवर मायनस, ओढली की खालचा गिअर. तुम्ही नुसती विनंती करताय, निर्णय गाडीतला कॉम्प्युटरच घेतो. ऐंशीच्या स्पीडला तुम्ही डावं पॅडल धडाधड ओढून पहिला गिअर मागितला तर गाडी देणारच नाही, नुसती टूं टूं करेल नाहीतर स्क्रीनवर आकडा लुकलुकेल आणि आहे तिथेच राहील. जुन्या मॅन्युअल गाडीत चौथ्याच्या ऐवजी चुकून दुसरा पडला तर इंजिनाचं जे व्हायचं ते इथे होऊ शकत नाही, म्हणजे या बाबतीत ऑटोमॅटिकच जास्त सुरक्षित.

अजून एक, डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये, असताना पॅडल ओढलं की गाडी तात्पुरती तुमच्या ताब्यात येते, थोडा वेळ तुम्ही काही केलं नाही आणि गाडी सरळ आरामात चालली की ती आपणहून परत ऑटोमॅटिकवर जाते. बऱ्याच गाड्यांत प्लसचं पॅडल दोन-तीन सेकंद ओढून धरलं की लगेच परत डी. आणि लिव्हर एम (मॅन्युअल) किंवा एस (स्पोर्ट) मध्ये टाकून पॅडल वापरलं तर गिअर तुम्ही बदलेपर्यंत बदलत नाही, फक्त आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, काटा लाल पट्टीला टेकायला लागला किंवा गाडी अगदीच हळू झाली तर बहुतेक गाड्या मध्ये पडतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

प्रश्न : दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. उतरताना पायथ्याच्या नांदुरीच्या अलीकडे चाकांकडून जळका वास यायला लागला, ब्रेकचं पेडल मऊ लागलं, आईने देवीचं नाव घेतलं आणि मी गाडी कडेला घेतली. वीस मिनिटं थांबलो मग ठीक झालं. गाडी नवीनच आहे, ऑटोमॅटिक, पॅडलवाली. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर म्हणाले ब्रेक एकदम ओके आहेत. मग झालं काय?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तुम्ही थांबलात हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत, त्याबद्दल आधी तुमचं कौतुक. आणि ब्रेक खरोखर ओके असणार, त्यात सर्व्हिसवाल्यांचं काही चुकलेलं नाही.

हा प्रकार माझ्याबरोबर पण झालाय, त्याच घाटात, पहिली ऑटोमॅटिक घेतली त्या वर्षी. मॅन्युअल गाडी असताना मी कधी डोकं लावलंच नव्हतं, उतार लागला की हात आपोआप दुसऱ्या गिअरकडे जायचा, सवयच होती. ऑटोमॅटिक आली आणि ती सवय क्लचच्या पेडलबरोबरच गेली. डी मध्ये टाकली आणि उतरतोय आपलं. आता डी मध्ये काय होतं, तुम्ही ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीला वाटतं साहेब निवांत आहेत, पेट्रोल वाचवूया, आणि ती वरच्या गिअरमध्ये जाऊन बसते. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, गाडी उताराला मोकळी सुटते, मग तुम्ही ब्रेक दाबता, सोडता, परत दाबता, नांदुरीपर्यंतचा दहाएक किलोमीटरचा घाट, वळणावर वळण, गाडीत पाच माणसं, डिकीत प्रसादाच्या पिशव्या, आणि हा सगळा भार पॅड आणि डिस्कवर. वेगाची सगळी ताकद ब्रेक उष्णतेत बदलतो, दुसरं तो काही करूच शकत नाही. डिस्क तापते, पॅड तापतात, एका मर्यादेनंतर पॅडची पकड कमी होते आणि जळका वास येतो.

पेडल मऊ लागलं त्याचं कारण वेगळं आणि जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा गुणच आहे. डॉट 4 प्रकारचं नवंकोरं ऑइल निदान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेलं तेच ऑइल 155 च्या आसपास उकळू शकतं. डॉट 3 असेल तर ते आकडे 205 आणि 140. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असेल तरी. तुमची गाडी नवीन आहे म्हणून वीस मिनिटांत निभावलं असं समजा. परत असं झालं तर थांबल्यावर चाकावर पाणी मात्र ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते, नुसतं उभं राहायचं.

आता उपाय, जो तुमच्या डाव्या हाताच्या बोटाखालीच आहे.

माझे मामा ट्रक चालवायचे, मुंबई-आग्रा रोडवर आयुष्य गेलं. त्यांचं एकच वाक्य होतं, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्यांना पॅडल शिफ्टर माहीत असायचं कारणच नव्हतं पण सगळा विषय त्या वाक्यात आहे. घाट सुरू व्हायच्या आधी, परत सांगतो आधी, उतार लागून गाडी पळायला लागल्यावर नाही, लिव्हर एम किंवा एस मध्ये घ्या. गाडीला तो नसेल तर डी मध्येच पॅडल वापरा पण मग लक्ष ठेवावं लागतं, कारण मगाशी म्हटलं तसं ती मध्येच परत स्वतःच्या मनावर जाऊ शकते. मग डावं पॅडल एकेकदा ओढा. एक गिअर, थांबा, गाडीला बसू द्या, मग दुसरा. गडाच्या वळणांना साधारण दुसरा गिअर लागतो, कसारा घाटात रस्ता रुंद आहे तिथे तिसरा-चौथा पुरतो. बरोबर गिअर कसा ओळखायचा, तर दोन्ही पाय उचलल्यावर गाडी स्वतःहून फारशी पळत नसेल आणि ब्रेक फक्त वळणाआधी थोडासा लागत असेल तर गिअर बरोबर आहे. दर पाच सेकंदाला ब्रेकवर पाय जात असेल तर अजून एक खाली.

इंजिनाचा आवाज वाढेल. लोक इथेच घाबरतात. काटा तीन-साडेतीन हजारावर जातो, आई मागून विचारते गाडीला काय झालं, आणि आपण उजवं पॅडल ओढून टाकतो. नका ओढू. पेट्रोल गाडीची लाल पट्टी सहा हजाराच्या पुढे कुठेतरी असते, साडेतीन हजार म्हणजे तिला काहीच नाही. घाटात इंजिन ओरडत असेल तर ते तुमच्यासाठी ओरडतंय. एक लिटरच्या छोट्या टर्बो इंजिनाची धरून ठेवायची ताकद मुळातच कमी असते, तिथे अजून एक गिअर खाली घ्यावा लागतो आणि आवाज अजून जास्त येतो, तो पण चालतो.

वळणाचं एक सांगायचंय जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतं. गडावरच्या पिनासारख्या वळणात स्टिअरिंग अर्धं फिरवलं की डावं पॅडल उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे, आणि ऐन वळणात बोट भलत्याच पट्टीवर पडतं. म्हणून गिअर वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना घ्यायचा आणि वळणात हात फक्त स्टिअरिंगला. पावसाळ्यात तर हे जास्तच पाळा, ओल्या रस्त्यावर वळणात एकदम खालचा गिअर पडला तर पुढची चाकं झटका खाऊन घसरू शकतात.

आणि मागच्याचा पण विचार करा. ब्रेक दाबला की मागे लाल दिवा लागतो, पॅडल ओढून गाडी हळू केली तर पेट्रोल-डिझेल गाडीत दिवा लागतच नाही. मागचा पिकअपवाला मोबाईलवर बोलत येतोय, त्याला कळणारच नाही तुम्ही हळू झालात ते. तर पॅडल ओढताना ब्रेकला नुसता पाय टेकवून दिवा दाखवा, दाबायचा नाही, टेकवायचा. बाकी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम तुम्हाला माहीत असेलच, गडाच्या रस्त्यावर तो पाळणारे कमी दिसतात म्हणून आठवण केली.

जाता जाता, आपल्या कसारा घाटातली रेल्वे आठवा. 1865 पासून तिथे गाडी चालतेय, चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि तेवढ्यासाठी कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. रस्त्याचे घाट त्याच्या किती पट उभे असतात ते गडावर स्वतः बघून आलाच आहात.

प्रश्न : आमचे सासरे पाथर्डी फाट्याहून इगतपुरीपर्यंत आणि पुढे कसारा उतरताना गाडी न्यूट्रलला टाकतात, म्हणतात फुकटात किलोमीटर मिळतात. पॅडलने खालचा गिअर घेतला की आरपीएम वाढतो म्हणजे पेट्रोल जास्त जाळतं असं त्यांचं म्हणणं. कसं समजावू?
– एक वाचक (सून), पाथर्डी फाटा

उत्तर : त्यांचं म्हणणं कार्बोरेटरच्या काळात ठीक होतं. तेव्हा आरपीएम वाढला की पेट्रोल जायचंच. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असताना ऍक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि आरपीएम थोडा वर असला की इंजेक्टर पेट्रोल टाकणंच बंद करतात. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर, म्हणजे उतारच इंजिन फिरवतो, पेट्रोल नाही. न्यूट्रलला टाकलं की चाकांचा संबंध तुटतो आणि मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं, थोडंच, पण द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलला जास्त जळतं. त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि उतारावर गिअरमध्ये पाय उचलून स्क्रीनवरचा त्या क्षणाचा मायलेजचा आकडा दाखवा, तो टोकाला जाऊन चिकटतो. सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा हे बरं, आकडा गाडीच बोलते तुम्ही नाही.

आणि पेट्रोलचं राहू द्या, घाटात न्यूट्रल म्हणजे गाडी धरायला फक्त ब्रेक उरतात आणि ब्रेकचं काय होतं ते वरच्या उत्तरात आहे, ते त्यांना वाचून दाखवा. ऑटोमॅटिकमध्ये चालत्या गाडीत न्यूट्रल-डी-न्यूट्रल करणं गिअरबॉक्सला पण चांगलं नाही.

प्रश्न : माझी एएमटी आहे, पॅडल नाही पण लिव्हरला प्लस-मायनस आहे. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये मी मॅन्युअल मोडला टाकून पहिल्या गिअरमध्ये चालवतो म्हणजे सारखे गिअर बदलत नाहीत. बरोबर ना?
– एक वाचक, सिडको

उत्तर : बरोबर, पण एका अटीवर.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच पण तोच, फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम एक मोटर करते. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे आली आणि तेव्हापासून लोक तिला खरी ऑटोमॅटिक समजून चालवतात, तिथेच गडबड होते. चढावर, उड्डाणपुलाच्या रॅम्पवर वगैरे, गाडी मागे येऊ नये म्हणून ऍक्सिलरेटर हलका दाबून उभं राहायची सवय असेल तर ती आधी सोडा. तसं केलं की क्लच अर्धवट लागून घासत राहतो आणि महिन्यांत संपतो. चढावर ब्रेक नाहीतर हँडब्रेक. ड्युअल क्लचवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच असतात त्यांनी, पण हे वाचा, विशेषतः कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचवाल्यांनी, तुमचा क्लच तर अजून महाग.

आणि ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकू नका. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या मग एकदाच पुढे जा. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू द्या, क्लचपेक्षा रिक्षा स्वस्त.

ज्या एएमटीला पॅडल येतं, ह्युंदाई एक्स्टरसारख्या, तिथे वरचा गिअर घेताना उजवं पॅडल ओढायचं आणि त्याच वेळी ऍक्सिलरेटर किंचित सैल सोडायचा, मॅन्युअलमध्ये सोडायचो तसा. मान पुढे डोलायची थांबते. बायको झोपलेली असेल तर झोपमोड होत नाही, हा माझा अनुभव.

प्रश्न : सीव्हीटीला गिअरच नसतात म्हणतात, मग पॅडल ओढल्यावर स्क्रीनवर 7 पर्यंत आकडे कसे येतात? कंपनी फसवते का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : फसवणूक नाही, सोय आहे. सीव्हीटीत दोन पुली आणि मध्ये स्टीलचा पट्टा, पुल्या रुंद-अरुंद होतात तसा गिअरचा हिशोब सलग बदलत जातो, पायऱ्या नसतात, उताराची फरशी असते असं समजा. कंपनी त्या फरशीवर खडूने सात रेघा मारते आणि पॅडल ओढलं की गाडी त्या रेघेवर येऊन थांबते. मजा येते का, तर नाही, खोटंच वाटतं ते. पण घाटात उतरताना काम खरंच करतं, आरपीएम वाढतो आणि गाडी धरली जाते. पॅडल नसलेल्या सीव्हीटीत तेच काम लिव्हरवरचं एस किंवा एल (लो) करतं.

प्रश्न : दिंडोरी रोडला द्राक्षाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरमागे अडकलं की ओव्हरटेक करताना ऑटोमॅटिक एक सेकंद विचार करत बसते आणि मग एकदम सुटते. समोरून एसटी येत असते. पॅडलचा उपयोग होईल का?
– एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : इथे होईल, आणि इथे पण डावंच पॅडल.

तुम्ही काय करता, जागा दिसली की पाय पूर्ण दाबता. मग गाडीला कळतं की जोर हवाय, मग ती दोन गिअर खाली येते, मग टर्बो भरतो, मग पळते. तुमचा तो एक सेकंद असा जातो. त्याऐवजी ट्रॅक्टरमागे असतानाच, जागा शोधत असताना, डावं पॅडल एकदा किंवा दोनदा ओढून ठेवा. आरपीएम अडीच-तीन हजारावर आला की गाडी तयार असते. जागा दिसली, इंडिकेटर, आरसा, हॉर्न, आणि पाय दाबला की ती लगेच निघते, विचार करत नाही. बाहेर पडून परत आपल्या लेनमध्ये आलात की प्लस धरून ठेवा, डी परत.

पण संध्याकाळी ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, पुढे अजून एक ट्रॉली आहे का ते दिसतच नाही. पिंपळगावकडे कांद्याच्या ट्रॉल्या पण अशाच. अशा वेळी पॅडल वगैरे काही नाही, मागे राहायचं. द्राक्षं नाशवंत असतात म्हणून ट्रॅक्टरवाला घाईत असतो, तुम्हाला कसली घाई?

प्रश्न : समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा झाल्यापासून आम्ही मुंबईला तिकडूनच जातो, कसारा घाट लागतच नाही. मग पॅडलवाल्या व्हेरियंटला जादा पैसे कशाला द्यायचे?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : फक्त मुंबईलाच जात असाल तर नका देऊ. जून 2025 पासून पावणेआठ किलोमीटरच्या त्या बोगद्याने घाटाचा प्रश्न मिटवलाय हे खरं, तिथे पॅडल ओढायचं काही कारण नाही, टायरची हवा बघून निघा आणि फलकावरची वेगमर्यादा पाळा एवढंच. पण नाशिकमध्ये राहून गड नाही, सापुतारा नाही, त्र्यंबकहून जव्हार नाही, पावसाळ्यात भंडारदरा नाही असं कोण जगतं मला माहीत नाही. आणि पॅडल नसलं तरी लिव्हरला प्लस-मायनस असेल तर काम तेच होतं, हात तेवढा स्टिअरिंगवरून काढावा लागतो.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतली, तिला पण पॅडल आहे. गिअरच नाही तर पॅडल कशाचं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ते रिजेनचं. नेक्सॉन ईव्ही, पंच ईव्ही वगैरेंमध्ये पॅडलने रिजेनची पायरी कमी-जास्त होते. पाय उचलला की मोटर उलटी जनरेटर होऊन गाडी धरते आणि तीच वीज बॅटरीत परत जाते. घाटात हे पेट्रोलच्या इंजिन ब्रेकिंगपेक्षा भारी, उतरताना चार्जिंगचे टक्के वाढताना दिसतात, मित्राच्या गाडीत बघितलंय, लहान पोरासारखा आनंद झाला होता. जोरात रिजेन लागलं की बऱ्याच ईव्हींत मागचा लाल दिवा पण आपोआप लागतो.

एकच गोम आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर वीज ठेवायला जागाच नसते, मग रिजेन जवळजवळ लागत नाही आणि सगळं काम परत ब्रेकवर येतं. तर गडावर मुक्काम असेल आणि वरती कुठे चार्जिंगची सोय झाली तर शंभर टक्के करून उतरू नका, थोडी जागा ठेवा. घरून निघताना शंभर चालेल, घाट येईपर्यंत बॅटरी उतरलेली असते.

प्रश्न : पॅडलवर चिकटवायच्या लाल ऍल्युमिनियमच्या पट्ट्या ऍक्सेसरीच्या दुकानात मिळतात, लावू का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : नका लावू. डबल टेपने चिकटवलेली धातूची पट्टी आणि त्याच स्टिअरिंगमध्ये एअरबॅग, एवढं पुरे. उन्हाळ्यात त्र्यंबकनाक्याला गाडी दोन तास उभी केली की टेप तशीही सुटते.

प्रश्न : वय 71, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुलाने ऑटोमॅटिक घेऊन दिली. चाळीस वर्षं मॅन्युअल चालवली. पॅडल शिकावं का या वयात? आणि शिकायचं कुठे?
– एक ज्येष्ठ वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : काका, तुम्ही तर सगळ्यात लवकर शिकाल. चाळीस वर्षं कान तयार झालेत, इंजिनाच्या आवाजावरून गिअर कळतो तुम्हाला, आजकालच्या पोरांना तेच कळत नाही. बोट फक्त नवीन जागी न्यायचंय.

गावात नका शिकू, गावात डी बरा, पॅडल विसरून जायचं. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला निघा, मुलाला शेजारी बसवा, सिन्नर रस्त्याने मोहदरी घाटापर्यंत जा. छोटा घाट आहे, रस्ता रुंद आहे. एकीकडे जाताना चढ मिळतो आणि परत फिरलात की तोच उतार मिळतो. चढताना डी मध्येच जाऊ द्या आणि स्क्रीनवर बघत राहा गाडी कुठला गिअर घेतेय. समजा तिसरा दिसला. तर उतरताना घाटाच्या आधी एम ला टाकून डावं पॅडल ओढून तोच तिसरा घ्या आणि ब्रेकवर पाय किती वेळा जातो ते मुलाला मोजायला सांगा. मग सिन्नरला चहा घेऊन परत एकदा. दुसऱ्या फेरीत आकडा कमी यायला हवा. नाही आला तर मला कळवा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष पण लिहा.